वाऱ्याचा रकाना

ज्या खेळाची बॅट मी आयुष्यात दोनदाच हातात धरली, त्या खेळातल्या एका मुलाची पारख करायला मी बसलो होतो, आणि आता त्याबद्दल लिहायलाही बसलो आहे. वाचणाऱ्यांनी माफ करावं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी गेलो, पण दोन वर्षांत परत फिरलो, त्यामुळे नीट लिहायची सवय लागते न लागते तोच सुटली. बेसबॉलबद्दल मराठीत लिहिण्याचा मला काही अधिकार नाही हेही मान्य. पण त्या वेळी जे खरं होतं ते मी लिहिलेलं असूनसुद्धा काढून टाकलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. तो कुणाकुणावर आहे हे एकदा कागदावर यावं, एवढ्यासाठी हे लिहितो.

वडील बोटीवर खलाशी होते. बॉयलरपाशी त्यांचा हात भाजला आणि ते कायमचे घरी बसले. तेव्हा मी रत्नागिरीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कुवेतला मामू होता, आईचा धाकटा भाऊ. तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या सुपरिंटेंडेंटच्या घरी तो स्वयंपाकी होता. साहेबाचा बंगला बनेद अल-गारला, समुद्राच्या जवळ. मामूनं साहेबाच्या कानावर घातलं, साहेबानं सही केली आणि मला कंपनीच्या गोदामात कारकुनाची जागा मिळाली. इकामासुद्धा त्याच सहीवर झाला. इकामा म्हणजे त्या देशात राहायची परवानगी. तो गेला की माणसानं बोट पकडायची.

मामू आणि मी खैतानला एका खोलीत राहायचो. माझ्या ट्रंकेत बी.ए.ची पुस्तकं होती. बाहेरून परीक्षेला बसायचं असं मी ठरवलं होतं. मामू त्या पुस्तकांवर इस्त्रीचे कपडे ठेवायचा.

गोदामाच्या मागे मोठं सपाट मैदान होतं. वाळूवर जाड तेल ओतून ती घट्ट केलेली. शुक्रवारी ऊन उतरलं की तिथे अमेरिकन लोक बेसबॉल खेळत. गोदामाचे प्रमुख एक म्हातारे साहेब होते. तरुणपणी त्यांनी त्यांच्या देशात गावोगाव हिंडून खेळाडू हेरायचं काम केलं होतं. कुठला पोरगा व्यावसायिक क्लबात टिकेल, कुठला नाही, हे पाहून क्लबाला कळवायचं. मी कॉलेजात क्रिकेटचा स्कोअर लिहायचो हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी एक कोरी वही माझ्यापुढे टाकली. "कॉलेज," ते मला याच नावानं हाक मारायचे, "शुक्रवारी काय करतोस?"

"कपडे धुतो, सर."

"ते सकाळी धू."

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता थेट अंगावर येतो आणि तो समोरच्या दोन रेघांच्या आतच मारावा लागतो. मागे किंवा बाजूला गेला तर तो फुकट, त्याला फाउल म्हणतात. मला हे कुठे ठाऊक? एकानं चेंडू मागच्या बाजूला असा नाजूक वळवला की मी टाळी वाजवली आणि वहीत लिहिलं, 'सुंदर लेट कट'. साहेबांनी वही पाहिली आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. "अरे, तो चुकला! तू त्याला बक्षीस दिलंस!"

पण त्यांनी मला बदललं नाही, कारण मी प्रत्येक चेंडू लिहीत होतो. त्यांच्याकडे नुसता निकाल लिहायची पद्धत होती, फलंदाज धावत पुढच्या ठाण्यावर, बेसवर, पोचला की बाद झाला एवढंच. मी कुठला चेंडू, कसा आला, कुठे गेला, सगळं लिहायचो. आणि पानाच्या उजव्या कडेला एक रकाना वाऱ्याचा असायचा. आमचं कॉलेजचं मैदान समुद्राला लागून होतं. तिथे वाऱ्याकडे न पाहता मारलेला चौकारसुद्धा कुणी खरा धरत नसे. घरात तर वडील बोटीवरून आले की आधी वाऱ्याचीच विचारपूस व्हायची. त्यामुळे तो रकाना मी आखला तेव्हा काही विशेष करतोय असं मला वाटलंच नव्हतं.

जूनमध्ये सुपरिंटेंडेंटचा मुलगा सुट्टीला आला. एकोणीस-वीस वर्षांचा, उंच, खांद्यानं रुंद. तिकडे तो कॉलेजच्या संघातून खेळायचा आणि त्याच खेळावर त्याची फी माफ होती. पहिल्याच शुक्रवारी त्यानं चेंडू मैदानाबाहेरच्या पाइपांच्या ढिगापलीकडे घातला. दुसऱ्या शुक्रवारी दोनदा घातला. त्याचे वडील खुर्चीवरून उठून उभे राहिले, टोपी काढून हवेत फिरवली आणि त्या दिवसापासून त्यांचं ठरलं. मुलानं कॉलेज सोडायचं आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांत जायचं. म्हाताऱ्या साहेबांचा एका क्लबात अजून शब्द चालत होता. त्यांनी उन्हाळाभर मुलाला पाहायचं आणि शेवटी अहवाल पाठवायचा. आकडे माझ्या वहीतून जाणार होते.

म्हाताऱ्यांनी मला पाहायला शिकवलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, राग असूनसुद्धा. "चेंडू कुठे गेला ते बघू नकोस," ते म्हणायचे, "ते प्रेक्षकांचं काम आहे. पुढचा पाय बघ. कंबर कधी वळते ते बघ." सरळ, जोरात येणारा चेंडू असला की त्या मुलाचा पाय वेळेवर पडायचा आणि सगळं अंग एका झटक्यात फिरायचं. पाहत राहावं असं होतं ते. पण बाकीच्या संघात पोटं सुटलेले चाळिशीचे ड्रिलर होते, ते सरळच टाकायचे. एकच माणूस, वायरलेसवर काम करणारा, चेंडू हवेत वळवायचा. तो चेंडू सरळ येतो असं वाटायचं आणि ऐन वेळी खाली, बाहेरच्या बाजूला पडायचा. त्या चेंडूवर मुलाचा पाय आधीच पुढे पडलेला असायचा. मग कंबर आधीच वळून जायची आणि मारायला नुसते हात उरायचे. चेंडू एकतर चुकायचा, नाहीतर फाउल जायचा. माझ्या वहीत अशा चेंडूंपुढे एकाखाली एक फुल्या होत्या.

आणि दुसरी गोष्ट वाऱ्याची. फलंदाजाची जागा गोदामाच्या आडोशाला होती, तोंड आग्नेयेला. उन्हाळ्यात तिथे शमाल सुटतो, वायव्येचा वारा, धुळीनं तोंड भरून टाकणारा. खाली पत्र्याच्या आडोशाला तो लागत नसे, पण चेंडू गोदामाच्या छपरावर चढला की मागून त्याला ढकलायचा. मी एका संध्याकाळी पानं चाळली. पाइपांपलीकडे गेलेला प्रत्येक चेंडू शमालच्या दिवशीचा होता. ऑगस्ट लागला, वारा पडला, हवा ओली झाली, अंगातला सदरा पिळावा लागे. तसेच उंच मारलेले चेंडू आता अलगद खाली येऊन कुणाच्या तरी हातात पडू लागले.

मी म्हाताऱ्या साहेबांना वही दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि तो रकाना बोटानं वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "पंधरा वर्षं हे काम केलं, पण वारा कधी लिहिला नाही. हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, सर. आमच्याकडे लिहितात."

"बरोबर आहे हे," ते म्हणाले. "पोरगा वाईट नाही. पण वळता चेंडू त्याला दिसत नाही, आणि ती ताकद अर्धी वाऱ्याची आहे. त्यानं कॉलेजात राहावं. दोन वर्षांनी बघू."

हे त्यांचे शब्द आहेत. मी ते विसरलेलो नाही आणि त्यांनाही विसरू देणार नव्हतो. पण वेळ आली तेव्हा आम्ही दोघेही विसरल्यासारखे वागलो.

मुलगा माझ्याशी बोलायचा. खेळ संपला की पाइपांवर बसून बुटातली वाळू झाडायचा आणि मला 'स्कोअरर' म्हणायचा. तो भूगर्भशास्त्र शिकत होता. "बाबा नववीतून पळून तेलाच्या रिगवर गेले," तो म्हणाला. "आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. बाबा सांगितलं तिथे खोदतात. मला कुठे खोदायचं ते सांगणारा व्हायचंय."

मी म्हटलं, "मीही पहिलाच."

"मग सोडलंस का?"

मी वडिलांच्या हाताचं सांगितलं. त्यानं बूट उपडा करून पाइपावर आपटला. मग म्हणाला, "आईला मी कॉलेजातच हवा आहे. आमच्याकडे सैन्यात सक्तीनं नेतात, पण कॉलेजात नाव असेपर्यंत बोलावत नाहीत ना. बाबा म्हणतात, बायकांना उगीच भीती." त्यानं बूट पायात घातला, पण नाडी बांधली नाही. "तू सगळं लिहितोस. मला खरं सांग. मी तेवढा चांगला आहे का?"

तिथे आम्ही दोघेच होतो. वारा नव्हता. त्याला एवढंच सांगायचं होतं की नाहीस, अजून नाहीस, परत जा आणि शीक. मी म्हणालो, "वहीत सगळं आहे. ती तुमच्या वडिलांकडे जाणारच आहे, सर."

मला त्या वाक्याची लाज वाटते. मी त्याला 'सर' म्हणालो हेसुद्धा आठवतं, कारण त्या क्षणी तो मित्र नव्हता, साहेबाचा मुलगा होता. मोठ्या माणसाच्या मुलाला तोंडावर उणं बोलायचं नाही हे आमच्या हाडात आहे. आम्ही ते वहीवर सोडतो, वरिष्ठांवर सोडतो आणि स्वतः सभ्य राहतो.

ऑगस्टच्या शेवटी सुपरिंटेंडेंट गोदामात आले. त्यांनी वही मागितली, उभ्यानंच चाळली आणि उजव्या कडेला बोट ठेवलं. "हे काय?"

म्हातारे साहेब म्हणाले, "वारा."

"वारा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात मामू भात शिजवायचा, त्यामुळे ते माझ्याकडे नेहमी जरा हसून बघत. या वेळी नाही. "बेसबॉलमध्ये वारा लिहितात कुठे? हा क्रिकेटचा खेळ आहे का? आणि या फुल्या कसल्या?"

"वळत्या चेंडूच्या, सर," मी म्हटलं. "तो चेंडू त्यांना—"

"तू बॅट धरली आहेस कधी?"

"दोनदा, सर."

गोदामातले दोघे-तिघे हसले. ते म्हणाले, "मग आकडे दे. किती वेळा मारायला उभा राहिला, किती वेळा पोचला, किती बाहेर घातले. तीन आकडे. हा कचरा काढ आणि उद्या टाइप करून आण." मग म्हाताऱ्यांकडे वळून, त्याच सुरात, "तुमच्या करारावर माझी सही ऑक्टोबरात आहे ना?"

म्हातारे साहेब पेन्सिलीला टोक काढत होते. त्यांनी काढलेलं टोक मोडलं आणि पुन्हा काढायला लागले. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. बोलतील, आता बोलतील. उन्हाळाभर मला 'पाय बघ, कंबर बघ' सांगणारा माणूस शेवटी म्हणाला, "फेअर कर, कॉलेज. रफ वही तुझ्यापाशी ठेव."

खोलीवर आलो तर मामूला आधीच सगळं कळलं होतं. साहेबानं जेवताना मडमेला सांगितलं, ते यानं ऐकलं. भाजी चिरता चिरता तो माझ्यावर घसरला.

"काय रे, अकलेचा कांदा! त्याचा पोर, त्याचा खेल. तुला काय पडलंय?"

"मामू, तो मुलगा फसेल."

"फसू दे! बापाच्या पैशानं फसंल. तुझा इकामा कुणाच्या सहीनं झालाय? माझी नोकरी कुणाच्या घरी हाय?"

"मला खोटं लिहायला सांगतायत."

"खोटा काय त्यात? आकडा खरा हाय का नाय?"

"आकडा खरा आहे, पण—"

"मग झालं! पण काय, पण? वारा पुसलास म्हणून अल्ला तुला जाब विचारणार हाय? शिकलायस ना तू? शिकलेल्याला एवढं कलत नाय?" मग सुरी बाजूला ठेवून, खालच्या आवाजात, "तुझ्या बापाचा हात बघून आलोय मी. एका हातानं जेवतोय. तू घरी गेलास तर तो काय खाईल?"

मामूवर राग धरावा तर त्याचंही बरोबर होतं, आणि त्याचं बरोबर होतं याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी टाइप केलं. किती वेळा उभा राहिला, किती वेळा पोचला, किती बाहेर घातले. एकही आकडा खोटा नव्हता. कागद अगदी स्वच्छ दिसत होता. फुल्या गेल्या, वारा गेला. पान रुंदीला कमी भरलं म्हणून मी समास वाढवला, नीटनेटकं दिसावं म्हणून. असं कोणी सांगितलं नव्हतं. ते मी आपणहून केलं, आणि माझ्यावरच्या रागात मी तो समास वेगळा धरतो. म्हाताऱ्यांनी खाली चार ओळी लिहिल्या: ताकद असामान्य, वय लहान, ताबडतोब घ्यावा. सही करताना त्यांनी वर पाहिलं नाही.

मुलगा जायच्या आदल्या दिवशी गोदामात आला. त्याच्या हातात त्या कागदाची कार्बन प्रत होती.

"स्कोअरर, हे तू केलंस?"

"हो."

"मी वाचलं." तो खुशीत होता. खरंच खुशीत होता, आणि एवढा मोठा दांडगा मुलगा लाजला होता. "मला वाटायचं बाबा उगीच बोलतात. पण तू सगळं लिहितोस, म्हणजे हे खरंच असणार. तू सांगितलं होतंस ना, वहीत आहे म्हणून."

रफ वही माझ्या टेबलाच्या खणात होती, हातभर अंतरावर. तेव्हा तरी खण उघडायला हवा होता. सही झाली होती, कागद टपालात पडला होता, आणि तरीही त्याला कॉलेजात परत जायला कुणी अडवलं नव्हतं. मी खण उघडला नाही. त्यानं माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि म्हणाला, "तुझी परीक्षा दे हं. सोडू नकोस."

परीक्षा मी दिली. पहिल्या वेळी नापास झालो, दुसऱ्या वेळी एक विषय राहिला, आता तोच एक उरला आहे. मी अजून त्याच गोदामात आहे. म्हाताऱ्या साहेबांचा करार ऑक्टोबरात झाला, एका वर्षाचा. पुढच्या ऑक्टोबरात झाला नाही आणि ते मायदेशी गेले. गप्प राहून त्यांना बारा महिने मिळाले. मामूला बंगल्यावर अजून सगळे चांगलं वागवतात. पण त्या घरात मुलाबद्दल कुणी बोलत नाही, एवढंच तो सांगायचा. मीही विचारत नव्हतो. शुक्रवारी स्कोअर लिहायचं मी बंद केलं. कुणी विचारलं तर सांगतो, अभ्यास आहे.

वही ट्रंकेत आहे. मामू आता तिच्यावर कपडे ठेवत नाही, का ते त्यानं कधी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात म्हाताऱ्या साहेबांचं पत्र आलं. ते गेल्यापासून पहिलंच. अक्षर थरथरलेलं. आधी तब्येतीचं लिहिलं होतं, मग तिथल्या थंडीचं. त्यानंतर पान उलटून, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारख्या वेगळ्या शाईत, मुलाचं. क्लबानं त्याला माझ्या कागदावर आणि म्हाताऱ्यांच्या शब्दावर घेतलं. तो सर्वांत खालच्या संघात खेळला. पहिल्या महिन्यातच समोरच्यांना कळलं की याला सरळ चेंडू टाकायचाच नाही. दुसऱ्या मोसमाच्या मध्यात क्लबानं त्याला सोडलं. पैसे घेऊन खेळल्यामुळे कॉलेजच्या संघात परत घेता येत नव्हतं, आणि संघ नाही म्हणजे फीची माफी नाही. तो वडिलांकडे मागू शकला असता. त्यानं मागितलं नाही. एका रिगवर कामाला लागला. तिथे चार महिने झाले असतील तेव्हा सैन्याचं बोलावणं आलं.

म्हाताऱ्यांनी शेवटी लिहिलं आहे की मे महिन्यात त्याला व्हिएतनामला पाठवलं, तेव्हापासून त्याच्या आईला दोन पत्रं आली, आणि तिसरं अजून आलेलं नाही.